पहिल्या लहरीनंतर

भूकंपलेख समोर आला की पहिली नजर जाते ती पहिल्या उसळीवर. सरळ चाललेली रेघ अचानक थरथरते आणि तिथे पी लहर, म्हणजे खडकाला पुढेमागे दाबत-ताणत येणारी सर्वांत वेगवान लहर, पोचल्याची वेळ लिहिली जाते, अगदी सेकंदाच्या दशांशापर्यंत. काही मिनिटांनी दुसरी, जास्त जोरकस उसळी येते, ती खडकाला आडवं हलवत येणारी एस लहर. मग पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरींचा मोठा कल्लोळ, आणि तो ओसरल्यावर कितीतरी वेळ चालू राहणारी बारीक, विस्कटलेली थरथर. मला ओढ आहे ती या शेवटच्या भागाची. त्यात गाभ्यावर आपटून परतलेल्या लहरी असतात, गाभ्यातून आरपार जाऊन पलीकडच्या पृष्ठभागावरून मागे फिरलेल्या असतात, खडकांतल्या फरकांमुळे वाट सोडून भरकटलेल्या असतात, आणि या सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. कित्येक दशकं हा भाग इमानेइतबारे नोंदला गेला आणि बहुतेक वेळा तसाच बाजूला ठेवला गेला. तो वाचायला लागणारी आकडेमोड माणसाच्या हाताबाहेरची होती.

मी भूकंपशास्त्रज्ञ नाही. मोठ्या गणनयंत्रांवर चालणारे कोड लिहिणं आणि ते नीट चालतील असं पाहणं हे माझं काम. त्या कामातूनच या लहरींशी गाठ पडली आणि मग सुटली नाही. महासंगणकाने या शास्त्राला वेग दिला असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: नोंदीतलं काहीही टाकून द्यावं न लागण्याची मुभा.

पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक कोला द्वीपकल्पावरचं. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ते खणायला घेतलं आणि १९८९ पर्यंत ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचले. म्हणजे केंद्रापर्यंतच्या अंतरातला पाव टक्काही नाही. त्याखालचं जे काही आपल्याला माहीत आहे, त्यातलं बरंचसं लहरींनी सांगितलेलं आहे. बरोबर केंद्रातून जाणारी पी लहर सुमारे वीस मिनिटांत पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचते. जिथे दाब वातावरणाच्या ३६ लाख पट आहे अशा जागेतून ती जाऊन आलेली असते, आणि तिच्यावर त्या जागेचा ठसा असतो.

सुरुवातीला हा ठसा म्हणजे फक्त पोचण्याची वेळ. १८८९ मध्ये जपानमध्ये झालेला भूकंप जर्मनीत पॉट्सडॅमच्या उपकरणात उमटलेला एर्न्स्ट फॉन रेबोर-पाश्विट्स यांनी ओळखला, आणि दूरचे भूकंप पृथ्वीच्या पोटातून ऐकू येतात हे कळलं. १९०६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांनी अशाच वेळांवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. हे तेच ओल्डहॅम, ज्यांनी १८९७ च्या आसाममधल्या महाभूकंपाचा तपशीलवार अभ्यास केला होता. १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी तो गाभा द्रवरूप असला पाहिजे असा निष्कर्ष काढला.

इंगे लेहमान यांच्यापाशी मात्र मी थांबते. १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. द्रव गाभा लहरींना वाकवतो, त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एक पट्टा असा राहतो जिथे थेट पी लहरी पोचायला नकोत. तरीही त्या पट्ट्यातल्या स्थानकांवर, रशियातल्या स्वेर्दलोव्स्क आणि इर्कुत्स्कच्या नोंदींत, लहान लहान उसळ्या होत्या. इतरांना त्या दिसत नव्हत्या असं नाही. द्रव गाभ्याच्या कडेवरून वळून आलेला हा काही किरकोळ अंश असेल, असं मानलं जात होतं. लेहमान यांनी त्या उसळ्यांना किरकोळ मानलं नाही. त्यांच्या एका नातेवाइकाने लिहून ठेवलंय की बागेत टेबलावर ओटमीलचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे मांडलेले असायचे आणि त्यांत जगभरच्या भूकंपांच्या माहितीची कार्डं असायची. त्या कार्डांवरून आणि हाताने केलेल्या गणितावरून १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक, वेगळा गाभा आहे. आज त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर धरतात. हे सगळं साध्य झालं कारण एका बाईने दुबळ्या उसळ्या फेकून दिल्या नाहीत. पण एकटं माणूस किती उसळ्या अशा जपणार? आणि जिथे उसळी अशी वेगळी दिसतच नाही, नुसती गिचमिड आहे, तिथे काय करणार?

याचं उत्तर यंत्राकडून येईल याची पहिली चाहूल मला १९६० च्या एका गोष्टीत दिसते. पृथ्वी एक घन गोल आहे, तेव्हा जोराचा धक्का बसला तर ती अख्खी घणघणायला हवी, हे एकोणिसाव्या शतकापासून गणितज्ञांना सुचत होतं. ब्रिटिश गणितज्ञ लव्ह यांनी १९११ मध्ये पृथ्वीएवढ्या पोलादी गोलाचा हिशेब करून सर्वांत संथ कंपनाला साधारण ६० मिनिटं लागतील असं सांगितलं. पण खऱ्या पृथ्वीत घनता आणि कडकपणा खोलीनुसार बदलतो, मधे द्रव थर आहे. तो हिशेब हाताने होण्यासारखा नव्हता. इस्रायलच्या वाइझमान संस्थेत खाइम पेकेरिस यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात वाइझॅक नावाचा संगणक बांधला गेला. त्यावर पेकेरिस, झिपोरा आल्टरमन आणि हान्स यारोश यांनी पृथ्वीच्या या कंपनांचे काळ मोजून १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांत संथ कंपन सुमारे ५४ मिनिटांचं.

पुढच्याच वर्षी, २२ मे १९६० ला, चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. उपकरणांनी नोंदलेला याहून मोठा भूकंप आजवर झालेला नाही. काही आठवड्यांनी हेलसिंकीत भूभौतिकशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा वेगवेगळ्या उपकरणांवर काम करणारे गट आपापले आकडे घेऊन आले होते, आणि ते एकमेकांशी आणि त्या गणिताशी जुळत होते. काही कंपनं एका सुराऐवजी जवळजवळच्या जोडसुरांत फुटलेली दिसली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तसं होतं, हेही लगेच उलगडलं. आकडा आधी यंत्रातून निघाला आणि मग पृथ्वीने तोच उच्चारला, या क्रमाचं मला फार अप्रूप वाटतं. गणनयंत्र या शास्त्रात हिशेबनीस म्हणून आलं नाही. कशाची वाट पाहायची हे त्याने पहिल्यापासून सांगितलं.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मी भराभर उलटते. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी १९६० च्या दशकात जगभर एकसारख्या उपकरणांची सव्वाशेच्या आसपास स्थानकं उभी राहिली. त्यांच्या नोंदी शास्त्राला मिळाल्या. १९८१ मध्ये जिवॉन्स्की आणि अँडरसन यांनी खोलीनुसार पृथ्वी कशी बदलते याचं प्रमाणित मॉडेल दिलं, ते आजही संदर्भाला वापरतात. १९८४ पासून प्रावरणाचे, म्हणजे वरचं कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड खडकाळ थराचे, पहिले त्रिमितीय नकाशे यायला लागले. पण यातलं बरंचसं काम अजून लहरीला एक बारीक रेषा मानून चाललं होतं. भूकंपापासून स्थानकापर्यंत किरण काढायचा, लहर उशिरा आली तर त्या किरणावर कुठेतरी खडक मंद आहे असं धरायचं, आणि असे लाखो किरण एकमेकांना छेदत गेले की मंद आणि जलद जागा उघड होतात.

लहर मात्र रेषा नसते. तिला रुंदी असते, आणि ज्या लहरी पृथ्वीच्या पोटात खोलवर जाऊन येतात त्यांची लांबी दहा-वीस ते शेकडो किलोमीटर. प्रिन्स्टनमधल्या डॅलेन, नोलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९-२००० च्या सुमारास दाखवलं की लहरीची अख्खी आकृती जुळवून पोचण्याची वेळ मोजली, तर नेमक्या किरणावरच्या खडकाचा त्या वेळेवर काहीच परिणाम होत नाही. परिणाम होतो तो किरणाभोवतीच्या पोकळ, वाकड्या नळीतल्या खडकाचा. त्यांनी तिला केळं आणि डोनट अशी दोन नावं जोडून दिली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद खाली ठेवला होता. ज्या रेषेवर सगळा हिशेब चालला होता, तीच रेषा आंधळी!

मग उपाय एकच: किरण सोडायचे आणि लहर पुरती सोडवायची. समीकरण काही नवं नाही. बल, वस्तुमान आणि खडकाची लवचीकता यांचा संबंध एकोणिसाव्या शतकातच लिहून झाला आहे. अडत होतं ते बिंदूंच्या संख्येपाशी. अख्खी पृथ्वी इतक्या बारीक तुकड्यांत कापायची की सर्वांत लहान लहरीच्या लांबीतही पुरेसे बिंदू बसतील, आणि मग काळ इवल्या पावलांनी पुढे ढकलायचा.

दिमित्री कोमातिच आणि येरून ट्रॉम्प यांनी द्रवगतिशास्त्रातून आलेली, तुकड्यातुकड्यात लहर मांडणारी वर्णपट-घटक (स्पेक्ट्रल एलिमेंट) पद्धत यासाठी पृथ्वीच्या गोलाला लावली. त्यातली जाळी रचण्याची हुशारी मला अजून पाहत बसावीशी वाटते. घन फुगवून गोल करावा तशी पृथ्वी सहा फाकांत कापलेली असते. पार केंद्रात फाका टोकदार होऊन हिशेब मोडला असता, म्हणून तिथे एक छोटा घन ठेवलेला असतो. प्रावरणात खाली जावं तशी लहर वेगवान होते, तिची लांबी वाढते, म्हणून जाळीचे तुकडेही टप्प्याटप्प्याने मोठे होत जातात. बाह्य गाभ्यात द्रव आहे, तिथे एस लहर चालत नाही, तेव्हा तिथलं समीकरण वेगळं, आणि द्रव व घन जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंचा दाब जुळवून घ्यावा लागतो. सर्वांत त्रास देतं ते वरचं कवच. ते पातळ आहे, त्यामुळे तिथले तुकडे लहान, आणि लहान तुकड्यांमुळे अख्ख्या पृथ्वीचं काळाचं पाऊल लहान होतं. सहा हजार किलोमीटर खोलीचा हिशेब वरच्या काही किलोमीटरांच्या कवचाला बांधलेला राहतो.

२००३ मध्ये हा कोड जपानच्या अर्थ सिम्युलेटरवर चालला. त्या काळी तो जगातला सर्वांत वेगवान संगणक. १,९४४ प्रोसेसर, साडेपाच अब्जांच्या आसपास बिंदू, आणि पाच सेकंदांपर्यंतच्या लहरी, म्हणजे एका हेलकाव्याला निदान पाच सेकंद घेणाऱ्या. या कामाला त्या वर्षीचं महासंगणनातलं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. अशा कामात प्रत्येक प्रोसेसरला पृथ्वीचा एक तुकडा मिळतो, प्रत्येक पावलाला शेजाऱ्याशी कडेचे आकडे बदलून घ्यावे लागतात, आणि एक जरी मागे राहिला तरी हजारो थांबतात. माझा बराचसा वेळ या थांबण्याशी झगडण्यात गेला आहे. आडदांड गणितापेक्षा भलत्याच गोष्टी अडवतात. भूकंपलेखांच्या लाखो छोट्या फायली एकाच वेळी वाचायला घेतल्या तर मोठ्यातला मोठा महासंगणकही गुदमरतो. कितीतरी वर्षं हीच अडचण होती. २०१६ च्या सुमारास नोंदी, त्यांचा तपशील आणि भूकंपाची माहिती एकत्र एका डब्यात ठेवणारं साठवणीचं नवं रूप आलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. पृथ्वीच्या गाभ्याच्या गोष्टीत फायलींच्या मांडणीला जागा मिळत नाही. मला ती द्यावीशी वाटते.

आता या कामाचा जो भाग मला सर्वांत सुंदर वाटतो तो.

यंत्रात एक पृथ्वी आहे. तिच्यात खऱ्या भूकंपासारखा धक्का दिला आणि जगभरच्या स्थानकांवर काय नोंदलं जाईल ते काढलं. खरी नोंद शेजारी ठेवली. दोन्हींत फरक आहे. तो फरक प्रावरणातल्या कुठल्या खडकामुळे आला हे कसं कळणार? जाळीत कोट्यवधी जागा आहेत. एकेक जागा थोडी बदलून पुन्हा सगळा हिशेब करायचा म्हटलं तर जगातली सगळी यंत्रं अपुरी. १९८४ च्या सुमारास आल्बेर तारांतोला यांनी यातून वाट दाखवली, आणि पुढे ती पूर्ण पृथ्वीला लागू झाली. प्रत्येक स्थानकावरचा फरक घ्यायचा, तो काळात उलटा करायचा, आणि त्या स्थानकातूनच पृथ्वीत परत सोडायचा, सगळ्या स्थानकांतून एकदम. या उलट्या लहरी पृथ्वीत शिरतात आणि काळ मागे मागे जातो. त्याच वेळी मूळ भूकंपाची लहरही मागे चालवायची. दोन्ही लहरी जिथे एकमेकींना भेटून एकमेकींशी जुळतात, तिथे चूक आहे. स्थानकं दहा असोत की हजार, एका भूकंपासाठी हा फेरा मोजून दोनदा करावा लागतो: एकदा पुढे, एकदा मागे.

एक कठीण गोष्ट वाटेत येते. खडक लहरीची ऊर्जा थोडी थोडी खातो. काळ पुढे चालताना ती विझते, म्हणून मागे चालवताना ती वाढायला हवी, आणि तशी वाढू दिली की आकड्यांचे दशांश तोडताना राहिलेली बारीकशी त्रुटीही फुगत जाऊन सगळं उधळतं. मग मधल्या मधल्या क्षणांची पृथ्वी साठवून ठेवायची आणि प्रत्येक टप्पा पुढे चालवून घेऊन मग उलटा वाचायचा. जागा आणि वेळ यांची ही वाटाघाट प्रत्येक कोडमध्ये असते.

एब्रू बोझदा, ट्रॉम्प आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २५३ भूकंपांवर अशी दुरुस्ती पंधरा वेळा करून अख्ख्या प्रावरणाचं मॉडेल दिलं. त्यासाठी अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला टायटन हा महासंगणक वापरला गेला. २०२० मध्ये त्याच वाटेवर पुढे जात १,४८० भूकंपांपर्यंत मजल गेली. त्यांत वापरलेल्या सर्वांत लहान लहरी साधारण सतरा सेकंदांच्या. हा आकडा अर्धा करायचा तर तिन्ही दिशांना बिंदू दुप्पट आणि काळाची पावलंही दुप्पट, म्हणजे काम सोळा पट. सतराहून एक सेकंदावर यायचं तर काम त्र्याऐंशी हजार पटींहून जास्त. एका सेकंदाच्या लहरी स्थानकांवर रोज नोंदल्या जात आहेत.

या मॉडेलांतून दिसतं काय? आफ्रिकेच्या आणि प्रशांत महासागराच्या खाली, प्रावरणाच्या अगदी तळाशी, खंडांएवढे दोन प्रचंड भाग आहेत जिथे एस लहरी काही टक्क्यांनी मंदावतात. भारताच्या खाली टेथिस समुद्राचा तळ बुडून गेलेला आहे. ज्या समुद्राच्या जागी आज हिमालय उभा आहे, त्याचा थंड तळ अजून प्रावरणात खाली खाली चालला आहे. २०१५ मध्ये स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी हवाई, सामोआ, आइसलँड अशा ठिकाणांच्या खाली प्रावरणाच्या तळापासून उठणारे रुंद स्तंभ दाखवले. सुमारे हजार किलोमीटर खोलीपर्यंत ते उभेच्या उभे येतात आणि मग कलतात. लहरीला किरण मानून हे स्तंभ इतके स्पष्ट दिसले नसते. मंद खडकाला वळसा घालून लहर पुढे भरून येते आणि उशीर पुसून टाकते. तो उशीर परत हाती येतो तो उरलेल्या आकृतीतून.

ही चित्रं लाल-निळ्या रंगांत छापली जातात, आणि लाल म्हणजे गरम, निळं म्हणजे थंड असं वाचणारा समजतो. मला हे खटकतं. लाल म्हणजे मंद, एवढंच. खडक गरम असला तरी लहर मंदावते, त्याची घडण वेगळी असली तरी मंदावते. शिवाय चित्र सगळीकडे सारखं विश्वासाचं नसतं. भूकंप होतात ते बहुतेक भूपट्टांच्या कडांवर, स्थानकं असतात ती बहुतेक जमिनीवर, आणि पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याखाली आहे. दक्षिणेकडच्या महासागरांखाली मॉडेल सुरुवातीच्या अंदाजापासून फारसं हललेलंच नसतं, तरी रंग तिथेही तितकाच गडद छापलेला असतो. आता पाण्यात दीड किलोमीटर खोलवर तरंगत भूकंप ऐकणारी आणि वर येऊन उपग्रहाला नोंद पाठवणारी उपकरणं दक्षिण प्रशांतात सोडली आहेत. मला त्यांच्याबद्दल महासंगणकांइतकीच आस्था आहे. जिथे कान नाही तिथे गणित कितीही केलं तरी ऐकू येत नाही.

आणि ज्या धक्क्यांमुळे हे सगळं कळतं, त्यांत माणसं मरतात. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ झालेल्या भूकंपात आणि त्सुनामीत दोन लाखांहून अधिक लोक गेले. त्याच भूकंपाने पृथ्वी फुगण्या-आकसण्याच्या वीस मिनिटांच्या कंपनात महिनोन्महिने राहिली, आणि ते कंपन त्याआधी कधी इतक्या नेमकेपणाने मोजता आलं नव्हतं. ती नोंद उघडताना मला वरची तारीख वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. या नोंदींतलं काहीही वाया जाऊ नये असं मला वाटतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

कोमातिच २०१९ मध्ये गेले. त्यांचा कोड खुला आहे, आणि जगभरची माणसं तो अजून वाढवत आहेत. अर्थ सिम्युलेटरचं ते पहिलं यंत्र कधीच निवृत्त झालं, टायटनही २०१९ मध्ये बंद झाला. यंत्रं दहा वर्षांत जातात, कोड एका यंत्रावरून दुसऱ्यावर चालत राहतो.

सध्याचा मोठा प्रश्न तळाच्या त्या दोन प्रचंड भागांचा आहे. ते नुसते गरम आहेत, म्हणजे वर उठणारे, की जड आहेत, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासून तिथे बसून असलेले? लहरींच्या वेगावरून हे ठरत नाही, घनता लागते. घनतेची खूण सापडते ती पृथ्वीच्या संथ कंपनांत, कारण ती कंपनं गुरुत्वाला जाणतात. खडक सरकला की त्याचं स्वतःचं गुरुत्वही सरकतं आणि ते इतर खडकांना ओढतं. लहान लहरींसाठी हा परिणाम नगण्य, म्हणून बहुतेक कोड तो सोडून देतात. मिनिटामिनिटांच्या कंपनांसाठी तो सोडता येत नाही. पण गुरुत्व शेजाऱ्यापुरतं थांबत नाही. प्रत्येक पावलाला पृथ्वीच्या प्रत्येक बिंदूने इतर सगळ्या बिंदूंची दखल घ्यायची, आणि पृथ्वीबाहेरच्या अवकाशाचीही. तुकडे वाटून देऊन कडेचे आकडे बदलण्यावर उभं असलेलं सगळं गणित इथे अडतं. तो अवकाश अनंतापर्यंत ताणलेल्या घटकांच्या एका थरात बसवता येतो. त्या थराचं समीकरण हजारो प्रोसेसरांवर एकमेकांना न थांबवता सोडवायचं कसं, यात मी सध्या गुंतले आहे.